फोनच्या दुसऱ्या टोकाला

४ जून

प्रिय मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माझा फोन बिघडलाय आणि दुरुस्तीची दुकानं अजून धड उघडलेली नाहीत, म्हणून हा जुना मार्ग. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. सरकारी काम आहे का, म्हणाल्या. म्हटलं, नाही हो, मावशीला लिहायचंय. तर त्यांनी स्वतःच्या हाताने तिकीट चिकटवून दिलं.

साथ ओसरलीय. अतिदक्षता विभागात निम्म्या खाटा रिकाम्या आहेत. ड्युट्या मात्र सुटत नाहीत, त्यामुळे एवढ्यात तुझ्याकडे येणं जमेलसं वाटत नाही. खोलीतली सोबतीण, ती लॅबवाली, मला वेळेवर जेवायला घालते. झोप छान लागते.

काका गेल्यावर इतक्या लवकर तू दुकान उघडलंस हे ऐकून मला तुझा फार अभिमान वाटला. वॉर्डात सगळ्यांना सांगते की माझी मावशी बघा. मशीनसमोर बसलीस की तुला जगाचा विसर पडतो, ते लहानपणापासून बघितलंय.

आणि हो, वॉर्डातल्या फोनवर फोन करू नकोस. तिथे कुणी नीट निरोप देत नाही. पत्रच लिही.

तुझी,
भिंगरी

•

११ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर इतक्या वर्षांनी पाहिलं. शाळेत होतं तसंच आहे, ओळी वर चढत जातात.

माझं उत्तम चाललंय. दुकानात काम भरपूर. शाळा उघडतील म्हणून गणवेश आलेत, शेजारच्या शिक्षिकेचे दोन ब्लाऊज आहेत. दिवस कसा जातो कळत नाही. जेवण-खाण व्यवस्थित. तू काळजी करू नकोस.

एक बोलू का? फोन बिघडतात, तसे नीटही होतात. तू मला टाळते आहेस असं मला वाटतंय, आणि का टाळतेस तेही कळतंय. काकांच्या वेळी तुला येता आलं नाही, ते तुझ्या मनाला लागलं असणार. अगं, रस्ते बंद, गाड्या बंद, तू तिकडे माणसं वाचवत होतीस. मी तरी कुठे त्यांच्याजवळ होते? मलाही आत सोडलं नाहीच ना. तुझी आई गेल्यापासून तू त्यांच्या खांद्यावर वाढलीस. त्यांना तुझा राग येणं शक्यच नव्हतं, मला तर नाहीच नाही. तेव्हा मनात काही धरून बसू नकोस आणि शेजारणीच्या फोनवरून का होईना, आवाज ऐकव.

मावशी

•

२० जून

प्रिय मावशी,

तसं काही नाही. उगाच तर्क लढवू नकोस. खरंच वेळ नाही. आत्ताही ड्युटीवर निघालेय, म्हणून चारच ओळी.

तुझं दुकान जोरात चाललंय हे वाचून बरं वाटलं. निदान आपल्या दोघींपैकी

निघते. उशीर होतोय.

भिंगरी

•

२ जुलै

चि. भिंगरी,

"निदान आपल्या दोघींपैकी" याच्या पुढे काय लिहिणार होतीस? हे वाक्य मी आठवडाभर डोक्यात घेऊन हिंडले. शेवटी न राहवून तू नको म्हणालीस तरी तुझ्या वॉर्डात फोन केला. ज्यांनी उचलला ते फार चांगले बोलले. म्हणाले, त्या सिस्टर मे महिन्यापासून रजेवर आहेत, तब्येत बरी नाही त्यांची, तुम्हाला ठाऊक नाही का? मी म्हटलं, ठाऊक आहे, विसरले. आणि ठेवून दिला.

रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावू? मीही तुला थापाच मारल्यात.

दुकान बंद आहे, भिंगरी. काका गेले त्या दिवसापासून बंद आहे. गणवेश नाहीत, शिक्षिकेचे ब्लाऊज नाहीत. ती बिचारी दोनदा विचारून गेली, मी कापड परत दिलं. सकाळी मी किल्ली घेऊन निघते, शटर हातभर वर करते, वाकून आत जाते आणि परत खाली ओढते. मग अंधारात स्टुलावर बसून राहते. लोकांना वाटतं मी आवराआवर करतेय.

बेतायचे ते, शिवायचे मी. तीस वर्षं असंच चाललं. त्यांनी कापडावर खडूने रेघा ओढायच्या, कात्री चालवायची आणि तुकडे माझ्याकडे सरकवायचे. टेबलावर अजून एक पँट निम्मी कापून पडलीय. ताप भरला तेव्हा म्हणाले होते, उद्या पुरी करतो. त्या टेबलाकडे गेलं की माझे हात गार पडतात आणि छाती अशी आवळते की श्वास पुरत नाही. हृदयाचं दुखणं म्हणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मला तर ऐकून वाईटच वाटलं, काही तरी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. आता तुझी पाळी.

मावशी

•

१३ जुलै

मावशी,

तुझं पत्र उशीखाली ठेवून मी बरेच दिवस नुसती पडून होते. आज लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

माझा फोन बिघडलेला नाही. बंद करून कपड्यांच्या खाली ठेवलाय.

साथ भरात होती तेव्हा नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते. पेशंट गेला की घरी कळवायचं काम कुणी तरी करायचं. डॉक्टरांना वेळ नव्हता. माझा आवाज शांत आहे म्हणून ते माझ्याकडे आलं, मग माझ्याकडेच राहिलं. भांडारघरात एक टेबल, एक फोन. दार लावून घ्यायचं, नंबर लावायचा, सांगायचं, पुढचा नंबर लावायचा. कुणी किंचाळायचं. कुणी म्हणायचं, चुकीचा नंबर लागलाय बाई, आमचे ते तर काल बोललेत. एकजण अगदी हळू आवाजात म्हणाला, तुम्ही मारलंत त्याला. आणि एवढं बोलून मला थँक्यू म्हणाला.

पण खरं सांगू? त्यानेही मी मोडले नव्हते. त्याच खोलीत एक लोखंडी कपाट होतं. गेलेल्या माणसांचे फोन त्यात ठेवायचो, नातेवाईक न्यायला येईपर्यंत. ते वाजायचे, मावशी. चार्जिंग संपेपर्यंत वाजायचे. कपाटाच्या दाराला काच होती, आतून उजेड पडायचा आणि पडद्यावर नाव दिसायचं. "घर". "बायको". "छकुली". उचलायची परवानगी नव्हती. आधी कागद व्हायचे, सही व्हायची, मग आम्ही कळवायचं. तोवर घरातलं कुणी तरी फोन लावत बसलेलं असायचं आणि मी त्या वाजणाऱ्या फोनपासून दोन हातांवर बसून दुसऱ्याच कुणाच्या घरी बातमी देत असायचे.

काका गेल्याचं सांगायला तू फोन केलास, तेव्हा मी तिथेच होते. तुला धीर दिला, आठवतंय? आणि फोन ठेवून पुढचा नंबर लावला. काकांसाठी मी अजून रडलेली नाही.

मे महिन्यात सगळं निवळल्यावर भाजी घ्यायला गेले होते. कुणाच्या तरी पिशवीत फोन वाजला. कपाटातल्या एका फोनची तीच धून. मी रस्त्यात खाली बसले. लोकांना वाटलं, साथीचं दुखणं, म्हणून सगळे लांब झाले. लॅबवाली सोबत होती, तिनेच मला उचलून घरी आणलं. तेव्हापासून कुठेही घंटी वाजली की मला दरदरून घाम फुटतो. कुकरची शिट्टी झाली तरी तेच.

मेट्रन म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरांकडे जा, रुग्णालयातच बसतात. मी गेले नाही. मी सिस्टर आहे, मला काय धाड भरलीय? दुसऱ्यांच्या ऑक्सिजनच्या नळ्या सांभाळणारी बाई घंटीला घाबरते, हे कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय ते सगळे लोक मला शिव्याशापच देत असणार. माझा आवाज त्यांच्या कानात कायमचा राहिला असेल. ज्या आवाजाने घर बुडालं, तो आवाज.

झालं. सांगितलं.

भिंगरी

•

२२ जुलै

भिंगरे,

तुझं पत्र दुकानात बसून वाचलं. अंधारात वाचता येईना म्हणून शटर अर्धं वर केलं.

आता मी सांगते ते नीट ऐक. हे मी तुलाही सांगितलेलं नव्हतं.

काका गेल्याचा फोन मलाही असाच आला. कुणा सिस्टरचा. मी गॅसपाशी उभी होते. ती म्हणाली, "मी रुग्णालयातून सिस्टर बोलतेय. तुम्ही उभ्या आहात का? आधी बसा." मी बसले. मग तिने सांगितलं, सरळ, आडवळणं न घेता. त्यानंतर माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटलं, आता ही ठेवून देणार, हिला किती कामं असतील. तिने ठेवला नाही. मधूनमधून म्हणायची, "मी आहे फोनवर." एवढंच. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग मी विचारलं, त्यांच्याजवळ कोण होतं? ती म्हणाली, "मी होते. हात धरला होता."

खरं होतं की माझ्यासाठी बोलली, देव जाणे. मी कधी शोधायला जाणार नाही. पण त्या दिवसापासून आजवर मी जी तगून आहे, ती त्या वाक्यावर. ते एकटे नव्हते. ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी ओळखणार नाही, पण आवाज ऐकला तर ओळखीन. आणि शिव्या देणार नाही, भिंगरी. घरी आणून चहा पाजीन, बसवीन आणि तिच्या मापाचा ड्रेस शिवून देईन.

तू एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला काय चाललं असेल ते परस्पर ठरवून टाकलंस. दुसऱ्या टोकाला मी होते. मला विचार.

ज्याने तुला "तुम्ही मारलंत" म्हटलं, त्याने थँक्यूही म्हटलं ना? मग दोन्ही लक्षात ठेव. एकच काय धरून बसलीस?

आणि त्या मनाच्या डॉक्टरांकडे जा. ताप आला तर गोळी घेतेस, तेव्हा "मी सिस्टर, मला ताप कसा" असं म्हणतेस का? मावशी म्हणून विनंती करत नाही, हुकूम करतेय. बदल्यात तूही मला एक हुकूम कर, मी ऐकेन.

शटर अर्धंच होतं, तेवढ्यात शिक्षिका आत डोकावली. स्टूल ओढून बसली आणि गप्पा मारून गेली.

मावशी

•

२८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आधी हुकूम: ती निम्मी पँट पुरी कर. कशीही झाली तरी चालेल.

आता माझं ऐक. गेले. पहिल्या दिवशी दाराशी जाऊन परत फिरले. दुसऱ्यांदा आत वळले तर बाहेरच्या बाकावर कोण बसलेलं असावं? आमच्या मेट्रन. ज्यांच्या नुसत्या चपलांचा आवाज आला तरी अख्खा वॉर्ड ताठ होतो, त्या हातात नंबराची चिठ्ठी घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, रांग माझ्या मागून आहे."

मग आम्ही दोघी बाकावर हसत सुटलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. त्यांना म्हणे साथीपासून लिफ्टमध्ये चढता येत नाही. प्रत्येक वेळी आत स्ट्रेचर असेल असंच वाटतं.

डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्याहूनही लहान असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं डोकं बिघडलेलं नाही. ते अजून ड्युटीवर आहे. ड्युटी संपली हे त्याला कुणी सांगितलंच नाही." मावशी, त्या क्षणी मला काकांसाठी रडू आलं. किती दिवसांचं साचलेलं होतं कुणास ठाऊक, थांबेचना. त्यांनी थांबवलंही नाही.

मग सुरू झाला सराव. आधी नुसता बंद फोन समोर ठेवून बोलायचं. मग तो चालू करून. मग लॅबवाली शेजारच्या खोलीतून फोन लावायची आणि मी तो वाजू द्यायचा, उचलायचा नाही, पळायचंही नाही. खोलीत काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. खिडकी, दोरी, टॉवेल, लॅबवालीची फाटकी चप्पल. ती तिकडून ओरडते, फाटकी म्हणू नकोस. काही दिवस सुरळीत गेले, मग एक दिवस शेजारच्या घरात घंटी झाली आणि मी पुन्हा खाली बसले. वाटलं, सगळं पाण्यात गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पडलात हे खरं, पण यावेळी किती लवकर उठलात ते बघा.

पुढच्या आठवड्यापासून निम्म्या वेळेसाठी कामावर जाणार आहे. त्या खोलीत नाही, वॉर्डात.

भिंगरी

•

१९ सप्टेंबर

चि. भिंगरी,

हुकूम पाळला. आता निकाल ऐक.

पँट कापली. शिक्षिकेला समोर बसवलं होतं, मी कोसळले तर धरायला कुणी तरी हवं म्हणून. कात्री हातात घेतली, तर खडूची रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडे. तू लिहिलं होतंस तसं मोठ्याने म्हणत गेले: टेबल, टेप, खडू, बटणांचा डबा. शिक्षिका म्हणाली, आणि मी. म्हटलं, हो, आणि ही बया.

पँट शिवून झाली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. गिऱ्हाईक घालून उभं राहिलं तर जणू चढावर उभं आहे. मला वाटलं, आता हा बोल लावणार. त्याने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काकी, लांब पाय तेवढा कमी करा, पावसापाण्यात बरंच आहे. मी अशी हसले की मशीनवर डोकं टेकलं. काका गेल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर शिक्षिकेचा ब्लाऊज बेतला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. कापड माझ्या पदरचं घालून पुन्हा बेतला. आता हात बसलाय. काकांची पद्धत वेगळी होती, ते कापड ताणून धरायचे. मी सैल सोडते, माझं असंच जमतं. आणि जमतं, भिंगरी. पूर्ण शटर वर करून बसते. छाती अजून कधीकधी आवळते. आवळली की दोन टाके थांबते आणि पुढे चालवते.

गल्लीतल्या दोघीतिघी दुपारी येऊन बसतात. एकीचा मुलगा गेला साथीत, एकीची आई. काज-बटणं करतात आणि बोलतात. कधी नुसतीच काज-बटणं करतात.

मावशी

•

२४ जानेवारी

प्रिय मावशी,

मध्ये तुला फक्त चिठ्ठ्याच पाठवल्या. साथ परत आली होती, तुलाही ठाऊक आहेच. आता जरा उसंत मिळालीय, तर सगळं सांगते.

लाट येणार असं दिसू लागलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांची बैठक घेतली. खाटा किती, ऑक्सिजन किती, सगळं बोलून झालं. घरी कळवायचं काम मागच्यासारखंच चालू ठेवू, म्हणाले. मेट्रननी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले.

मी म्हटलं, मागच्यासारखं नको. ज्याच्या घरचा माणूस आत आहे त्याला रोज फोन गेला पाहिजे, बरं असो वा वाईट. म्हणजे आमचा नंबर दिसला की फक्त मरणाचीच बातमी असं होणार नाही. हे काम एकटीने करायचं नाही, दोघींनी शेजारी बसून करायचं. खोलीला खिडकी हवी. आणि ज्या पेशंटला फोन उचलवत नाही किंवा जो गेलाय, त्याचा फोन वाजला, तर आमच्यापैकी कुणी तरी उचलायचा. कपाटात वाजत ठेवायचा नाही.

मोठे डॉक्टर वाईट नाहीत. थकलेत तेही. म्हणाले, सिस्टर, एवढी माणसं आणू कुठून? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमका त्यांचा फोन वाजला. टेबलावर, माझ्यासमोर, जोरात. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली, कारण मे महिन्यातलं सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या तळव्यांना घाम आला. मी खिडकी पाहिली, पंखा पाहिला, मेट्रनचा चष्मा पाहिला. आणि म्हटलं, "तुमचा फोन घ्या, सर. मी थांबते. माझं बोलणं अजून राहिलंय."

त्यांनी फोन घेतला. मी थांबले. त्यांनी ठेवल्यावर पुढचं सगळं सांगितलं. मग मागून एक सिस्टर उठली, मी आठवड्यातले दोन दिवस देते म्हणाली. मग दुसरी. मग वॉर्डातले मामा, आमचे वॉर्डबॉय, म्हणाले, मला गोड बोलता येत नाही, पण शेजारी बसता येतं. लॅबवालीही आली होती, तिनेही हात वर केला. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, खिडकीवाली खोली म्हणजे माझीच आहे, ती घ्या.

घेतली.

लाट आली. मागच्याइतकी मोठी नव्हती, तरी माणसं गेलीच. ते फोनही मी केले, मावशी. शेजारी मामा बसलेले असायचे. मी म्हणायचे, आधी बसा. आणि समोरून आवाज बंद झाला की म्हणायचे, मी आहे फोनवर. तुझ्या त्या सिस्टरचे शब्द मी उचलले, आता सगळा विभाग तेच म्हणतो. अवघड गेलं. एकदोनदा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. पण परत आत गेले. रजा घेतली नाही. डॉक्टरबाईंकडे मात्र दर आठवड्याला जाते, मेट्रनही जातात. त्या परवा लिफ्टने वर आल्या आणि आम्हा सगळ्यांना ते ऐकवूनच गेल्या.

आता दुसऱ्या दोन रुग्णालयांनी आमची पद्धत मागितलीय. शिकवायला मी जाणार आहे. मी, जी कुकरच्या शिट्टीला भ्यायची.

आज सकाळी एक बसचालक घरी गेला. फार वाईट अवस्थेत आला होता, आम्ही आशा सोडली होती. त्याच्या बायकोला रोज मीच फोन करायचे. आज फोन केला तर तिने पहिल्याच घंटीला उचलला. म्हटलं, आज तुम्हाला बसायला सांगणार नाही. उभ्या राहा, रिक्षा करा आणि न्यायला या. तिकडे काय गोंधळ उडाला म्हणून सांगू. ती घरभर ओरडत सुटली, फोन तिच्या हातातून पडला बहुतेक, आणि मी इकडे कानाला लावून नुसती ऐकत होते. मामा म्हणाले, ठेवा आता, पुढचा लावायचाय. मी म्हटलं, थांबा, हे सगळं ऐकायचंय मला.

मग माझी वेळ संपली. कॉरिडॉरमध्ये येऊन मी माझा स्वतःचा फोन काढला. इतक्या महिन्यांत त्यावरून मी होऊन कुणालाही फोन केला नव्हता. मुद्दाम पहिला तुझ्यासाठी ठेवला होता. तुझा नंबर लावला. घंटी वाजत होती आणि मी भिंतीला न टेकता उभी होते. काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

तू उचललास. मागे दोन मशिनी चालल्याचा आवाज, बायकांचा कलकलाट. मी म्हटलं, मावशी, मी भिंगरी.

आणि तू म्हणालीस, "अगं, गिऱ्हाईकाचं माप घेतेय, मग कर." आणि ठेवून दिलास.

मी तिथेच, भर कॉरिडॉरमध्ये, पोट धरून हसले. म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या बसने येतेय, माप घ्यायला टेप तयार ठेव.

तुझी,
भिंगरी